विश्लेषण : कर्जमाफीनंतरही झाम्बिया पुन्हा कर्जाच्या विळख्यात का सापडला?

जगातील सुमारे ३४० कोटी लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर करते त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करते, असे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या २०२५ च्या अहवालात म्हटले आहे. अशा देशांची कर्जे माफ करा, ही मागणी नवी नाही. वीस वर्षांपूर्वी ती बऱ्याच अंशी मान्यही झाली होती. त्या वेळी जवळपास सगळी कर्जे पुसली गेलेल्या देशांपैकी एक होता आफ्रिकेतील झाम्बिया. पण अवघ्या पंधरा वर्षांत त्याने पुन्हा हप्ता चुकवला. असे का घडले आणि आता मिळालेल्या दुसऱ्या सवलतीतून तिथल्या गरिबांच्या पदरात काय पडणार, याचा हा आढावा.

झाम्बियावर मुळात कर्ज कसे चढले?

२४ ऑक्टोबर १९६४ रोजी ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेला झाम्बिया त्या काळी आफ्रिकेतील सुस्थितीतील देशांत गणला जात असे. याचे कारण तांबे. आजही देशाच्या निर्यात उत्पन्नात तांब्याचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात तांब्याचे भाव कोसळले आणि त्याच सुमारास खनिज तेल महागले. भाव पुन्हा चढतील या आशेवर अध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या सरकारने कर्ज काढून खर्च भागवला. भाव काही चढले नाहीत. उलट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभर व्याजदर वाढले आणि जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज घेण्याची वेळ आली.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मदतीच्या बदल्यात अनुदानकपातीची अट घातली. मक्याच्या पिठावरील अनुदान कमी करताच डिसेंबर १९८६ मध्ये तांब्याच्या पट्ट्यातील शहरांत दंगली उसळल्या. कौंडा यांना निर्णय मागे घ्यावा लागला आणि मे १९८७ मध्ये त्यांनी नाणेनिधीशी काडीमोड घेऊन परतफेडीवर निर्यात उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. हा बाणेदारपणा फार काळ टिकला नाही. १९९१ मध्ये सत्तांतर झाले. नव्या सरकारने खासगीकरणाचा मार्ग धरला आणि दवाखान्यांत, शाळांत शुल्क सुरू झाले. कर्ज मात्र तसेच राहिले.

२००५ ची कर्जमाफी नेमकी काय होती?

अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीची योजना जागतिक बँक आणि नाणेनिधीने १९९६ मध्ये आणली. ती तोकडी असल्याची टीका झाली. ‘ज्युबिली २०००’ या चळवळीने १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथील जी-८ परिषदेच्या वेळी हजारो लोकांची मानवी साखळी उभी केली आणि १९९९ मध्ये योजनेची व्याप्ती वाढवण्यात आली. त्याच वर्षी एक नवी अट आली. माफी हवी असलेल्या देशाने गरिबी निर्मूलनाचा आराखडा तयार करायचा आणि हप्त्यांतून वाचणारा पैसा शाळा, दवाखाने, पाणी, ग्रामीण रस्ते यांवर खर्च करायचा.

झाम्बियाने सगळ्या अटी पूर्ण करून एप्रिल २००५ मध्ये अंतिम टप्पा गाठला. जुलै २००५ मध्ये ग्लेनईगल्स येथील जी-८ परिषदेत बहुपक्षीय संस्थांची कर्जेही माफ करण्याचे ठरले. या दोन्ही योजनांमुळे सुमारे सात अब्ज डॉलर असलेले झाम्बियाचे परकीय कर्ज २००६ मध्ये एक अब्ज डॉलरच्याही खाली आले. आतापर्यंत ३७ देशांना या योजनेतून पूर्ण माफी मिळाली असून त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील आहेत. सर्व मिळून १०० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज माफ झाले.

त्यातून गरिबांना काय मिळाले?

लाभ झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. १ एप्रिल २००६ पासून झाम्बियाच्या ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्यसेवेचे शुल्क रद्द झाले. त्यानंतर दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची संख्या लक्षणीय वाढली. याचा अर्थ, त्याआधी कित्येक जण केवळ पैसे नाहीत म्हणून आजार अंगावर काढत होते. प्राथमिक शाळांतील शुल्क २००२ मध्येच रद्द झाले होते. पण वर्ग भरले तरी शिकवायला शिक्षक नव्हते.

शिक्षक नसण्यामागेही कर्जमाफीच्याच अटी होत्या. माफीच्या प्रतीक्षेत असताना सरकारी पगारांवरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या आठ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन नाणेनिधीच्या कार्यक्रमात होते. २००३ मध्ये ते मोडले गेल्याने पुढच्या वर्षी भरतीला लगाम बसला. प्रशिक्षण घेतलेले हजारो शिक्षक घरी बसून आणि गावातल्या शाळा शिक्षकांविना, असे चित्र निर्माण झाले. प्रत्यक्ष माफी मिळाल्यानंतर शिक्षकभरती पुन्हा सुरू करता आली.

मग बिनसले कुठे?

माफीने मागची बाकी पुसली, पण उत्पन्नाची बाजू होती तशीच राहिली. १९९७ ते २००० या काळात सरकारी तांबे खाणींचे खासगीकरण झाले, तेव्हा भाव तळाला होते आणि सरकार घाईत होते. खाण कंपन्यांना दीर्घकाळ करसवलती देणारे करार झाले. मोठ्या कंपन्यांसाठी स्वामित्वधनाचा दर होता अवघा ०.६ टक्के. पुढे चीनची मागणी वाढली आणि २००३ मध्ये टनाला दोन हजार डॉलरच्या खाली असलेले तांबे २००६ मध्ये सात हजारांच्या वर गेले. मात्र या तेजीचा फारच थोडा हिस्सा तिजोरीत आला. सरकारने २००८ मध्ये हे करार रद्द करून वाढीव नफ्यावर कर लावला. त्याच वर्षी जागतिक मंदी आली, भाव गडगडले आणि पुढच्याच वर्षी हा कर मागे घ्यावा लागला. त्यानंतर खाणकराचे नियम वारंवार बदलत राहिले.

दुसरी अडचण होती माफी न मानणाऱ्या धनकोंची. रुमानियाने १९७९ मध्ये झाम्बियाला शेतीयंत्रांसाठी कर्ज दिले होते. ‘डोनेगल इंटरनॅशनल’ या कंपनीने ते १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतले आणि पुढे लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. २००७ मध्ये न्यायालयाने तिला सुमारे दीड कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला. इतर धनको पाणी सोडत असताना एकाने किमतीच्या कित्येक पटीने वसुली केली. अशा कंपन्यांना ‘गिधाड निधी’ म्हटले जाते. या प्रकरणानंतर ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून अशा वसुलीला मर्यादा घातली, पण ती फक्त १९९६ च्या योजनेतील जुन्या कर्जांपुरती.

पुन्हा कर्ज कोणी दिले?

कर्ज नाही आणि तांबे तेजीत, म्हटल्यावर झाम्बिया बाजाराचा लाडका झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याने ७५ कोटी डॉलरचे पहिले आंतरराष्ट्रीय रोखे ५.३७५ टक्के व्याजाने विकले. मागणी रकमेच्या कित्येक पट होती. त्या सुमारास युरोपातील संकटग्रस्त स्पेनला कर्ज उभारण्यासाठी जेवढे व्याज पडत होते, जवळपास तेवढ्यातच झाम्बियाला पैसे मिळाले. २०१४ मध्ये आणखी एक अब्ज डॉलर ८.५ टक्क्यांनी, तर २०१५ मध्ये सव्वा अब्ज डॉलर ८.९७ टक्क्यांनी उभारले गेले. व्याजदराचे हे तीन आकडेच बाजाराचा विश्वास कसा आटत गेला ते सांगतात.

दुसरीकडे चिनी बँकांच्या पैशांतून रस्ते, लुसाकाचे विमानतळ, काफुए नदीवरील ७५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प अशी कामे निघाली. यांतील काही कामे गरजेची होती. पण अनेक करारांच्या अटी गुप्त होत्या आणि एकूण कर्जाचा नेमका आकडा जनतेसमोर नव्हता. पूर्वीचे कर्ज बहुतांश सवलतीच्या व्याजाचे आणि सरकारांचे किंवा जागतिक संस्थांचे होते. नवे कर्ज डॉलरमधील, महाग आणि परस्परांशी बोलायलाही तयार नसलेल्या धनकोंचे होते.

२०१५ मध्ये तांब्याचे भाव उतरले, पाऊस कमी झाला, वीजटंचाई आली आणि क्वाचा हे चलन घसरले. कमाई क्वाचामध्ये आणि हप्ते डॉलरमध्ये, त्यामुळे एका पैशाचे नवे कर्ज न घेताही बोजा वाढत गेला.

हप्ता चुकल्यावर काय घडले?

करोनाकाळात कंबरडे मोडले. १३ नोव्हेंबर २०२० रोजी झाम्बियाने ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता भरला नाही. महासाथीच्या काळात कर्ज बुडवणारा तो आफ्रिकेतील पहिला देश ठरला. अशा स्थितीतही जानेवारी २०२१ मध्ये एडगर लुंगू यांच्या सरकारने मोपानी ही खाण ‘ग्लेनकोर’ कंपनीकडून एका डॉलरला घेतली, पण त्यासोबत दीड अब्ज डॉलरची देणीही डोक्यावर घेतली.

२०२१ च्या अर्थसंकल्पात देशी-परदेशी कर्जफेडीसाठी ३८ टक्क्यांहून अधिक तरतूद करावी लागली. शिक्षण आणि आरोग्य या दोन्हींचा वाटा मिळून २० टक्क्यांच्या आसपास होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मतदारांनी लुंगू यांना घरी बसवून हाकाइंदे हिचिलेमा यांना निवडून दिले. नव्या सरकारने हिशेब उघडला, तेव्हा चिनी धनकोंचे देणे आधीच्या अंदाजांपेक्षा बरेच अधिक, सुमारे सहा अब्ज डॉलर असल्याचे समोर आले.

तोडग्याला साडेतीन वर्षे का लागली?

जी-२० देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये गरीब देशांच्या कर्जपुनर्रचनेसाठी ‘कॉमन फ्रेमवर्क’ ही सामायिक पद्धत आणली. झाम्बियाने २०२१ च्या सुरुवातीलाच अर्ज केला. सर्व धनकोंनी सारखीच तोशीस सोसावी, हे तिचे मुख्य तत्त्व. व्यवहारात नेमके तिथेच घोडे अडले. आपण हप्ते सोडायचे आणि त्या पैशांतून रोखेधारकांची वसुली व्हायची, हे चीनसह धनको सरकारांना मान्य नव्हते. तर सरकारांच्या तडजोडीत आम्हाला विचारले कुठे, अशी रोखेधारकांची तक्रार होती.

नाणेनिधीने ऑगस्ट २०२२ मध्ये १.३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. पण सरकारांशी तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. त्यात ६.३ अब्ज डॉलर कर्जाचा समावेश होता. त्यातील सुमारे ४.१ अब्ज डॉलर एकट्या चीनच्या एक्झिम बँकेचे होते. रोखेधारकांशी झालेला करार नोव्हेंबर २०२३ मध्ये याच सरकारांनी पुरेसा नाही म्हणून फेटाळला. सुधारित करार अखेर जून २०२४ मध्ये अमलात आला. या सगळ्या काळात नवी गुंतवणूक अडून राहिली आणि क्वाचा डळमळत राहिला. विलंबाची किंमत झाम्बियाच्या जनतेने महागाईतून मोजली.

ही सवलत २००५ सारखीच आहे का?

नाही. २००५ मध्ये मुद्दल माफ झाले होते. या वेळी सरकारांनी प्रामुख्याने मुदत वाढवून दिली आहे. परतफेड २०४३ पर्यंत लांबली, २०३७ पर्यंत व्याज एक टक्का आणि त्यानंतर जास्तीत जास्त अडीच टक्के असेल. रोखेधारकांनी सुमारे ८४ कोटी डॉलरच्या दाव्यावर पाणी सोडले आणि नाणेनिधीच्या कार्यक्रमाच्या काळात सुमारे अडीच अब्ज डॉलरचे हप्ते पुढे ढकलले.

यात एक महत्त्वाचे कलम आहे. झाम्बियाची कर्ज पेलण्याची क्षमता अपेक्षेहून सुधारली, तर सरकारांच्या कर्जावरील व्याज चार टक्क्यांपर्यंत वाढू शकते आणि काही रोख्यांची परतफेड लवकर व अधिक दराने करावी लागेल. धनकोंच्या दृष्टीने हे रास्त आहे, कारण पडत्या काळात त्यांनी सूट दिली. मात्र पडत्या काळासाठी असेच आपोआप लागू होणारे कलम नाही. दुष्काळ पडला तर हप्ता आपोआप थांबत नाही.

ही भीती पुस्तकी नाही. करार अंतिम टप्प्यात असतानाच, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी हिचिलेमा यांना दुष्काळामुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. मक्याच्या लागवडीखालील सुमारे २२ लाखांपैकी १० लाख हेक्टरवरील पीक हातचे गेले. करिबा जलाशयाची पातळी घसरल्याने शहरांत दिवसातील बहुतांश तास वीज नव्हती.

गरिबीचे चित्र काय सांगते?

झाम्बियाच्या सरकारी पाहणीनुसार दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण २०१५ मध्ये ५४.४ टक्के होते. २०२२ मध्ये ते ६० टक्क्यांवर गेले. ग्रामीण भागात ते ७८.८ टक्के आहे. म्हणजे रस्ते, विमानतळ आणि रोख्यांच्या त्या दशकात गरिबी वाढली.

नव्या सरकारने काही ठोस पावले उचलली, हेही खरे. जानेवारी २०२२ पासून सरकारी शाळांत बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले आणि त्या वर्षी ३० हजारांहून अधिक शिक्षकांची भरती झाली. मतदारसंघ विकास निधी १६ लाख क्वाचावरून २ कोटी ५७ लाख क्वाचावर नेण्यात आला. वृद्ध, अपंग आणि निराधार कुटुंबांना थेट रोख मदत देणाऱ्या योजनेत दहा लाखांहून अधिक कुटुंबे आली. २००३ मध्ये कलोमो जिल्ह्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही योजना २०१८ मध्ये निधीतील गैरव्यवहारामुळे अडचणीत आली होती आणि दात्या देशांनी हात आखडता घेतला होता.

याची दुसरी बाजू म्हणजे नाणेनिधीच्या कार्यक्रमासाठी इंधनावरील अनुदान काढण्यात आले आणि वाहतुकीपासून पिठापर्यंत सारे महागले. मोफत शिक्षणामुळे वर्ग खचाखच भरले. त्यातच मे २०२५ मध्ये अमेरिकेने, दिलेली औषधे चोरून विकली जात असल्याचे कारण देत, वर्षाला पाच कोटी डॉलरची औषधमदत कमी करण्याचे जाहीर केले. माफीतून वाचलेला पैसा एका हाताने येत असताना मदतीचा पैसा दुसऱ्या हाताने जात आहे.

भारताचा यात संबंध काय?

भारत स्वतः झाम्बियाच्या धनको सरकारांपैकी एक आहे. शिवाय देशातील मोठ्या खाणींपैकी एक असलेल्या कोंकोला खाणीची मालकी २००४ पासून अनिल अग्रवाल यांच्या ‘वेदान्त’कडे होती. लुंगू सरकारने २०१९ मध्ये ती कंपनीच्या ताब्यातून काढून घेतली. दीर्घ न्यायालयीन वादानंतर हिचिलेमा सरकारने ती २०२४ मध्ये परत केली. तांब्याचे उत्पादन त्या वर्षीच्या सुमारे ८ लाख २० हजार टनांवरून पुढील दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३० लाख टनांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे आणि त्यात कोंकोलाचा वाटा महत्त्वाचा मानला जातो.

धोरणाच्या पातळीवर, भारताकडे जी-२० चे अध्यक्षपद असताना २०२३ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीसोबत कर्जपुनर्रचनेवरील जागतिक गोलमेज सुरू झाली. त्यात कर्जदार देश, चीनसारखे नवे धनको आणि खासगी रोखेधारक एकत्र बसू लागले. श्रीलंकेच्या कर्जपुनर्रचनेतही भारताने जपान आणि फ्रान्ससह धनकोंच्या समितीचे सहअध्यक्षपद सांभाळले.

आता पुढे काय?

घाना, चाड आणि इथिओपिया यांनीही याच सामायिक पद्धतीचा आधार घेतला. त्यामुळे झाम्बियातील चुका दुरुस्त होणे केवळ एका देशापुरते महत्त्वाचे नाही. तज्ज्ञांच्या सूचना साधारण सारख्याच आहेत : वाटाघाटी सुरू होताच हप्त्यांना स्थगिती, ठरलेले वेळापत्रक, कर्जकरार जाहीर करण्याचे बंधन आणि दुष्काळ-पुरात हप्ता आपोआप थांबवणारे कलम. बहुतेक आंतरराष्ट्रीय रोखे इंग्लंड किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली निघतात. त्यामुळे गिधाड निधींना आवर घालायचा, तर कायदे तिथे बदलावे लागतील. २०२५ मध्ये सेव्हिल येथील परिषदेत कर्जदार देशांचा स्वतंत्र मंच स्थापण्यावर सहमती झाली. धनको एकत्र येतात, मग ऋणकोंनीही का येऊ नये, हा त्यामागचा विचार.

खुद्द झाम्बियासाठी कसोटीचा मुद्दा तांब्याचाच आहे. विजेवरील वाहने आणि वीजवाहिन्यांच्या मागणीमुळे मे २०२४ मध्ये तांब्याने टनाला ११ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला. २००६ च्या तेजीचा लाभ कंपन्यांना झाला, तिजोरीला नाही. या वेळी स्वामित्वधन अधिक आहे, पण अर्थव्यवस्था सुधारली की हप्तेही वाढणार आहेत. त्यामुळे वाढीव उत्पन्नावर पहिला हक्क कोणाचा, नव्या शिक्षकांच्या पगाराचा की रोखेधारकांचा, हा प्रश्न लुसाकातील अर्थमंत्र्यांना दरवर्षी अर्थसंकल्प मांडताना सोडवावा लागेल. पुढच्या दुष्काळाआधी त्यातला काही भाग बाजूला ठेवता आला, तरच तिसऱ्यांदा धनकोंच्या दारात जाण्याची वेळ टळेल.